पतसंस्थेचा मालक कोण?

आम्ही बँकेत कारकुनी करतो. पगाराच्या दिवशी काउंटरवर बसले की माणसांच्या संसाराचा हिशेब नकळत वाचता येतो. पगार खात्यात जमा होतो आणि त्याच दिवशी जवळजवळ सगळा काढला जातो, अशी खाती आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पूर्वी पैसे काढणाऱ्याबरोबर पुष्कळदा आणखी एक माणूस यायचा. तो दाराशी उभा राहायचा. नोटा मोजून झाल्या की त्यांतील मोठा भाग त्याच्या खिशात जायचा. अलीकडे तो दाराशी फारसा दिसत नाही, कारण पैसे मोबाईलवरून जातात, आणि काही वेळा सावकारच मोबाईलमधल्या एखाद्या ॲपमध्ये बसलेला असतो. कर्जदाराची ओढाताण मात्र तशीच राहिली आहे.

या ओढाताणीवर आपल्यासारख्या अल्प उत्पन्नाच्या माणसांनी शोधलेला एक उपाय म्हणजे पतसंस्था. ती सभासदांसाठी व वस्तीसाठी काय करू शकते, आणि सभासदाने तिच्यासाठी काय केले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. थोडी आकडेमोड आहे.

शेकडा दहा म्हणजे किती?

‘दहा टक्के’ म्हटले की शाळेतील गणिताच्या सवयीने आपल्याला तो वर्षाचा दर वाटतो. खाजगी सावकारीत तो बहुधा महिन्याचा असतो. समजा, घरातील आजारपणासाठी १०,००० रुपये अशा दराने घेतले. दरमहा १,००० रुपये व्याज झाले. वर्षभर इमानेइतबारे व्याज भरले तर १२,००० रुपये गेले, आणि मुद्दल १०,००० रुपये जसेच्या तसे उभे!

आता हीच रक्कम पतसंस्थेकडून वर्षाला १२ टक्के दराने, घटत्या शिलकेवर घेतली असे धरू. मुद्दल बारा सारख्या भागांत फेडायचे. पहिल्या महिन्याचे व्याज १०० रुपये. दरमहा मुद्दल सुमारे ८३३ रुपयांनी कमी होत जाते, म्हणून व्याजही उतरत जाते. बारा महिन्यांचे एकूण व्याज होते ६५० रुपये, आणि वर्षअखेर कर्ज पूर्ण फिटलेले असते.

येथे एक सावधगिरी हवी. तोच १२ टक्के दर शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावला, तर व्याज १,२०० रुपये होईल. दर तोच, पण व्याज दुपटीच्या जवळ. यास्तव कर्ज घेताना दर किती हे विचारावे, आणि तो मूळ रकमेवर की घटत्या शिलकेवर हेही विचारावे. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

पतसंस्था आली कोठून?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य राग कर्जाच्या कागदांवर होता; त्यांनी खतपत्रे व रोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोचले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. परंतु पुढल्या पेरणीला पैसा लागणारच होता, आणि तो देणारा दुसरा कोणी नव्हता. आजही तेच आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा ठरविले आहे. तरी ज्याला रात्री दहा वाजता दवाखान्यात अनामत भरायची आहे, तो परवाना पाहत बसत नाही. त्याला दुसरे दार उघडे हवे.

ते दार युरोपात आधी उघडले. जर्मनीत शुल्झ-डेलिच यांनी १८५० पासून कारागीर व छोट्या व्यापाऱ्यांच्या कर्जसंस्था काढल्या. फ्रीडरिख रायफायझेन यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची संस्था उभी केली. त्यांची तत्त्वे साधी होती : क्षेत्र लहान ठेवावे, म्हणजे सभासद एकमेकांना ओळखतील, कर्ज उपयोगाच्या कामासाठीच द्यावे, नफा वाटण्यापेक्षा राखीव निधीत घालावा. कॅनडातील लेव्ही या गावी आल्फाँस देजार्दां यांनी १९०० साली अशीच लोकसंस्था स्थापिली. ते संसदेत लघुलेखक होते. तेथील सभासदांच्या सावकारीवरील भाषणाने त्यांना या प्रश्नाकडे वळविले. संस्थेचा कारभार सुरुवातीला घरूनच चाले, आणि ते अधिवेशनासाठी ओटावाला गेले की पत्नी दोरिमेन तो सांभाळीत. पुढे अमेरिकेत अशा संस्थांची चळवळ वाढली, तीतही त्यांचा हात होता.

आपल्याकडे कायदा होण्यापूर्वीच, १८८९ साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ निघाली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. १९०५ साली त्यावेळच्या मुंबई इलाख्यातील, आज कर्नाटकात असलेल्या कणगिनहाळ या गावी शेतकऱ्यांची पतसंस्था नोंदली गेली. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज अन्य कामांच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली. आज आपल्या पतसंस्था चालतात त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये.

पगारस्लिप नसलेल्या माणसाची पत

पतसंस्थेच्या नेहमीच्या सेवा सर्वांना ठाऊक आहेत : भाग, मुदत ठेव, आवर्त ठेव, नियमित कर्ज, तातडीचे कर्ज, सोनेतारण. पगारदारांच्या पतसंस्थेचे काम त्यातल्या त्यात सोपे असते. सभासदाने लिहून दिले की हप्ता पगारातूनच कापला जातो. कायद्यात तशी तरतूद आहे.

खरा प्रश्न आहे भाजीवाली, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई, बिगारी यांचा. यांना बँकेत आम्ही काय विचारतो? पगारस्लिप. ती त्यांच्यापाशी कोठून असणार? येथे दैनंदिन बचतीचे, म्हणजे पिग्मीचे महत्त्व कळते. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने, तेव्हा तिचे नाव वेगळे होते, ही योजना सुरू केली आणि माणूस घरोघर जाऊन थोडथोडी रक्कम गोळा करू लागला. एखादी भाजीवाली रोज २० रुपये भरत असेल तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. रक्कम मोठी नाही. परंतु पावसाळ्यात किती दिवस खाडा पडला, सणाला किती भरले, आजारातून उठल्यावर पुन्हा कधी सुरू केले, हे सारे त्या पुस्तकात उतरते. वर्षभराचे पिग्मीचे पुस्तक हीच तिची पगारस्लिप समजून जी पतसंस्था तिला पाच-दहा हजारांचे कर्ज देते, ती पतसंस्थेचे खरे काम करते.

गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या बायका अशाच कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळामार्फत त्यांना संघटित केले व राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. एकट्या बाईला जी पत नव्हती ती एकमेकींची हमी घेणाऱ्या गटाला मिळाली, हा त्या कामाचा धडा होय.

शाल, श्रीफळ आणि जून महिना

पतसंस्थेने समाजासाठी काही करावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु समाजकार्य म्हणजे गुणवंतांना शाल-श्रीफळ, संचालकांचे फोटो असलेले कॅलेंडर आणि वर्धापनदिनाचे जेवण, एवढेच अनेक ठिकाणी उरले आहे. सत्काराला आमचा विरोध नाही. दहावीच्या मुलीला सर्वांसमोर टाळ्या मिळाल्या तर तिला उभारी येते. पण त्याच मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची फी जूनमध्ये भरायची असते, आणि वडिलांचा अर्ज संचालकांची सभा नाही म्हणून ऑगस्टपर्यंत पडून राहतो. अशा वेळी त्या टाळ्यांचा काय उपयोग? जूनपूर्वी छोटी शैक्षणिक कर्जे मंजूर करणे, कर्जदार वारला तर कुटुंबावर बोजा पडू नये म्हणून कर्जाला विम्याची जोड देणे, आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतील माणसांचे अर्ज भरून देणे, ही कामे कॅलेंडरवर छापता येत नाहीत, पण वस्ती ती विसरत नाही.

पैशाला मर्यादा आहे हेही ध्यानात असावे. कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत घालावा लागतो, आणि लाभांश १५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही. राखीव निधी हे वाईट दिवसांचे धान्य आहे. ते समारंभासाठी दळायचे नसते.

जामिनाची सही

आता आमचा स्वतःचा अनुभव. नोकरीला सहा वर्षे झाली होती. कँटीनमध्ये चहा पिताना एका सहकाऱ्याने पतसंस्थेचा छापील अर्ज पुढे केला. “भाऊ, नुसती सही तर करायची आहे.” आम्ही रकमेचा आकडाही न पाहता जामीनदार म्हणून सही केली. वर्षभरात तो गृहस्थ कामावर यायचा बंद झाला, पुढे नोकरीच गेली. एके दिवशी आमच्या पगारात हप्ता कापलेला दिसला. असे चौदा महिने चालले. घरी सांगायला आम्हांला दोन महिने लागले.

आम्ही रागाने पतसंस्थेच्या कचेरीत गेलो आणि वाटेल ते बोललो. तेथील वयस्क हिशेबनिसांनी सर्व ऐकून घेतले, एक खतावणी उघडली आणि एका शिपायाच्या आवर्त ठेवीचे पान दाखविले. मुलीच्या लग्नासाठी तो पाच वर्षे दरमहा पैसे भरीत होता. ते म्हणाले, “तुम्ही जामीन राहिलात ते कर्ज यांच्यासारख्यांच्या पैशातून गेलं. तुमचा हप्ता सोडला तर यांना मी काय सांगू?” आम्ही गप्प बसलो. त्या कर्जदाराची आधीची दोन कर्जे संस्थेने नीट तपासली नव्हती, ही चूक होतीच. ती आम्ही पुढे वार्षिक सभेत उभे राहून विचारली. पण आमची सही आमचीच होती. सहकाऱ्याने पुढे काही रक्कम परत केली, सगळी नाही.

तेव्हापासून आम्ही तरुणांना सांगतो : जामीन म्हणजे ओळख देणे नव्हे, ते तुमचेच कर्ज आहे असे समजून सही करा. रक्कम वाचा, मुदत वाचा, आणि घरी सांगून सही करा.

ठेव ठेवण्यापूर्वी

आणखी एक गोष्ट आम्हांला काउंटरवर वारंवार समजावून सांगावी लागते. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारामागे, व्याजासह, ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. फलकावर ‘शासनमान्य’ लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ संस्था नोंदलेली आहे एवढाच. शासन ठेव परत करील असा नव्हे. आसपासच्या सर्वांपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज कोणी देऊ लागला, तर तो ते कोणाकडून वसूल करणार आहे, हे आधी विचारावे. निवृत्तीची सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये.

याचा अर्थ पतसंस्थेकडे पाठ फिरवावी असा नाही. तिचा पहारेकरी सभासदच आहे, हे ओळखून वागावे असा आहे. भाग शंभर असोत की एक, सहकारी कायद्यात प्रत्येकाला एकच मत आहे. कलम ३२ नुसार सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक व सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त विनाशुल्क पाहता येते. संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त घटकांसाठी, तसेच दोन महिलांसाठी राखीव जागा आहेत. मात्र राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या माणसाने थकबाकीची यादी कधी मागितलीच नाही, तर ती जागा नुसती भरली असे म्हणावे लागेल.

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असते. बहुतेक ठिकाणी काय होते? गणसंख्या नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, पुन्हा भरते, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज होतो. अल्पोपाहाराची पाकिटे उघडतात, अहवाल मिटलेलेच घरी जातात. पुढील सभेला जाताना प्रत्येकाने पुढील पाच प्रश्न खिशात न्यावेत :

१. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला, आणि मागील वर्षी कोणता होता?
२. शंभर रुपये कर्जापैकी किती रुपये थकीत आहेत?
३. संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडे किती कर्ज आहे?
४. यंदा पंचवीस हजारांच्या आतील कर्जे किती जणांना दिली, आणि अर्ज आल्यापासून किती दिवसांत?
५. लेखापरीक्षकाने दाखविलेल्या दोषांपैकी कोणते दुरुस्त झाले?

पहिल्या वर्षी कदाचित कोणी नीट उत्तर देणार नाही. दुसऱ्या वर्षी संचालक उत्तरे तयार करून येतील. तिसऱ्या वर्षी काम करतानाच त्यांना हे प्रश्न आठवतील. विद्यार्थ्यांनी आपल्या आई-वडिलांचा अहवाल घरी उघडून ही उत्तरे शोधावीत, न सापडल्यास त्यांना सभेत विचारायला सांगावे.

त्या शिपायाच्या मुलीचे लग्न ठरल्या तारखेला झाले. आम्ही गेलो होतो. त्याला आमच्या हप्त्यांची काही कल्पना नव्हती; त्याने आग्रहाने वाढले, आणि आम्ही पोटभर जेवलो.