एका ठिणगीचा शोध



घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे आपण बहुधा दोहोंपैकीं एक करतों : हातीं लागेल तो भाग बदलून पाहतों, अथवा यंत्राचें आयुष्य संपलें असें ठरवून मोकळे होतों. याहून तिसरा मार्ग आहे, व तो शोधाचा होय. त्याचें एक उदाहरण येथें सांगावयाचें आहे.

माझ्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या दिवंगत वडिलांची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. मुंबईंत कुर्ला येथें तयार होणारी ही गाडी टॅक्सीच्या रूपानें एके काळीं सर्वांच्या परिचयाची होती. तिची निर्मिति बंद होऊन आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. गेल्या पावसाळ्यांत ही मोटार ‘मिसिंग’ करूं लागली, म्हणजे चढावर धक्के देऊं लागली, आणि मागील नळींतून कच्च्या पेट्रोलचा वास येऊं लागला. दोनदां प्लग बदलले, कार्बुरेटर उघडून साफ केला, गुण येईना. शेवटीं इंजिनच झिजलें आहे असें एका कारागिरानें सांगितलें, आणि गाडी भंगारांत देण्याचें घरांत ठरलें. मुलांच्या आजीनें मात्र चार दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या चार दिवसांत काय केलें तें समजण्यासाठीं प्रथम ठिणगीचा प्रवास ध्यानांत घ्यावा. बॅटरीची वीज केवळ १२ व्होल्टची. ती कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यांतून वाहत असतां कॉन्टॅक्ट पॉइंट एकदम उघडतात, प्रवाह खंडित होतो, आणि पुष्कळ वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यांत दहा हजारांहून अधिक व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. डिस्ट्रिब्युटरमधील फिरता रोटर ही वीज पाळीपाळीनें चार वायरींत वांटतो. पद्मिनींत हा क्रम १-३-४-२ असा आहे. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरास सेकंदाला २५, म्हणजे चौघांस मिळून १०० ठिणग्या लागतात.

एवढ्या दाबाची वीज सदैव सोपी वाट शोधीत असते. वायरीचें वेष्टन तडकलें वा ओलावलें, कीं ती प्लगपर्यंत न जातां जवळच्या लोखंडांत उतरते. शिवाय सिलिंडरांतील वायु जितका अधिक दाबला जावा, तितके प्लगची फट ओलांडण्यास अधिक व्होल्ट लागतात. म्हणूनच जागेवर बरी चालणारी गाडी चढावर दगा देते.

आतां शोधाचा क्रम पाहूं. त्याचा मुख्य नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

प्रथम कान द्यावा. ठोका ठराविक अंतरानें चुकत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडराकडे असतो. चूक अनियमित असेल, तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट किंवा पेट्रोलचा पुरवठा यांकडे पाहावें. नंतर इंजिन बंद करून एका सिलिंडराची वायर काढावी, तिच्या टोकास जुना प्लग बसवून त्याचें धातूचें अंग इंजिनास पक्कें जोडावें, व इंजिन सुरू करावें. गति मंदावली, तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं, तर अपराधी तोच. यानंतर त्याच्या व शेजाऱ्याच्या प्लगची अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लग वाईट. जागेवरच राहिला, तर प्लग निर्दोष.

आमच्या तपासांत तिसरा सिलिंडर मुका निघाला, आणि प्लग बदलूनही तो मुकाच राहिला. तेव्हां आम्ही गाडी अंगणांत उघड्यावर घेतली, रात्र पडूं दिली, दिवे मालवले व इंजिनाचें झांकण उघडलें. तिसऱ्या वायरीपासून लोखंडापर्यंत एक बारीक निळी रेघ लुकलुकत होती! पट्टीवर घांसून वेष्टन तेथें तडकलें होतें. चारही वायरी एकाच वयाच्या, म्हणून चारही बदलल्या. दुसऱ्या दिवशीं आजी पुढच्या आसनावर बसून चढ चढून आल्या.

अंधारांतही कांहीं न दिसतें, तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणांतील तडा वा काजळीची रेघ पाहावी लागली असती. तेंही निर्दोष ठरतें, तर सिलिंडरांतील दाब मोजावा लागला असता. इंजिन झिजल्याचा निर्णय त्यानंतर देण्याचा होता.

मुलांनो, हा प्रयोग वडील माणसांवांचून करूं नका. चालू इंजिनाच्या वायरीस हात लावूं नका, पंख्यापासून दूर राहा, पेट्रोल कोठें गळत नाहीं याची आधीं खात्री करा, आणि बंद जागेंत इंजिन कधींही चालवूं नका. त्याचा धूर प्राणघातक असतो.

शुभवर्तमानांतील दृष्टांतांत दहा नाण्यांपैकीं एक हरवलेली स्त्री दिवा लावते, घर झाडते व तें सांपडेपर्यंत शोधते. आम्हांस दिवा मालवावा लागला, एवढाच काय तो भेद. गणितांत, अभ्यासांत किंवा एखाद्या सोबत्याच्या वागण्यांत दोष दिसला, तर सर्वच टाकाऊ ठरविण्यापूर्वीं, चुकतें तें नेमकें कोठें, हें धीरानें शोधावें. पुष्कळ वेळां इंजिन चांगलें असतें. तडकलेली असते ती एक वायर.