वाफसा बघून सायकल काढावी

कोल्हापूरच्या आसपास ग्रॅव्हल सायकलीला रस्ते कमी नाहीत. शेताकडं जाणारी पाणंद, बंधाऱ्यावरची अरुंद वाट, पठाराकडं चढणारा जांभ्याचा गाडीरस्ता, सगळं आधीपासून आहे. शोधावा लागतो तो दिवस. तो सायकलवाल्यांना विचारण्यापेक्षा शेतकऱ्याला विचारावा, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

इथं देतोय ती फेरी अशी: शिवाजी पूल, प्रयाग चिखली, कासारीच्या काठानं यवलूजवरून कोतोली, तिथून चढून पन्हाळा, पुढं मसाई पठार, आणि परत पन्हाळ्यावरून वाघबीळमार्गे घरी. पाणंदी कोणत्या घ्याल त्यावर सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात.

आधी महिना ठरवावा. पावसाळ्यात या फेरीचा विचारच नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं. पण वरचे बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडालेले असतात. दिवाळी ते शिवरात्र हा काळ उत्तम.

मग दिवस. पाणंदीच्या कडेची मूठभर माती उचलून दाबा. हाताला चिकटून राहिली तर घरी परत फिरा. गोळा झाला, पण खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला म्हणायचं. पेरणीला जी माती चालते तीच टायरलाही चालते. एकदा परतीचा पाऊस उघडल्यावर मी दुसऱ्याच दिवशी घाईनं निघालो. काळ्या रानातल्या पाणंदीत शंभर पावलांत फोर्क आणि टायर यांच्यामध्ये माती इतकी ठासली की चाक फिरेना. मी पायडलवर जोर दिला. मागचा डिरेलर स्पोकमध्ये ओढला गेला, हँगर मोडला आणि दोन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन डांबरी गाठावी लागली. तेव्हापासून जास्तीचा हँगर पिशवीत असतोच, आणि मातीची मूठ दाबल्याशिवाय मी आत शिरत नाही.

सायकलीची तयारी फार नाही. टायर ४० मिलिमीटरचा किंवा त्याहून रुंद, आणि शक्यतो ट्यूबलेस, कारण बांधावरच्या बाभळीचे काटे पाणंदीतच पडतात. सत्तर किलोच्या माणसानं पुढं ३० ते ३२ आणि मागं ३३ ते ३५ पीएसआय हवा ठेवावी. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागच्या दातेरी चकतीचे दात पुढच्या चकतीइतके किंवा त्याहून जास्त हवेत. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे आणि ही चढण आपल्याला कोतोलीनंतर भेटते.

उजाडता उजाडता शिवाजी पूल ओलांडावा. चिखलीला पहिला थांबा संगमावर घ्यावा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून इथं पंचगंगा होते. आपण आता त्यातल्या कासारीचं बोट धरून वर जाणार आहोत.

इथून पुढं दोन्हीकडं ऊस. पाणंदीत बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा उंचवटा. एक चाकोरी निवडली की ती सोडू नये. मधूनच दुसरीकडं उडी मारायला गेलं की पुढचं चाक काठावर घसरतं. ऊसतोड झालेल्या ठिकाणी पाल्याचा थर पसरलेला असतो. त्यावरून जाताना पायडल थांबवावं, कारण एकच लांब पान डिरेलरच्या छोट्या चाकांत गुंडाळलं तरी साखळी अडकते. भरलेली ट्रॉली समोरून आली की उतरून कडेला उभं राहावं. तो रस्ता तिचा आहे. वळणावर कुणी दिसलं तर विचारावं. "मामा, पुढं वाट हाय का?" म्हटलं की खरं उत्तर मिळतं: "पावणं, फुडं पाणी सोडलंया, वरच्या अंगानं जावा." फोनमधल्या नकाशाला पाटाच्या पाण्याची पाळी कळत नाही.

कासारीवर यवलूज, पुनाळ-तिरपण, बाजारभोगाव असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. एक तरी नीट बघावा. दगडी खांबांना उभ्या खाचा असतात, पावसाळा सरला की त्यांत बरगे बसवून पाणी अडवायचं आणि मृगाआधी काढून घ्यायचं. बरग्यांच्या फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडत असतात आणि खालचे खांब शेवाळानं हिरवे झालेले असतात. वरची वाट एका गाडीपुरती, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. समोर कुणी नाही याची खात्री करून, मधोमध, नजर पलीकडच्या काठावर ठेवून जावं. वाऱ्याचा झोत असेल तर चालत. आणि वरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी पाऊल टाकू नये. इथं कसलीही तडजोड मला मान्य नाही.

कोतोलीला चहा आणि पाणी भरून घ्यावं. इथून चढण. बसूनच, हलक्या गिअरमध्ये, घाई न करता. खडी सुटी असेल तिथं उभं राहिलं की मागचं चाक जागेवर फिरतं. पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि दही खावं, पण अर्धं पोट, कारण म्हाळुंग्याच्या बाजूनं मसाई पठाराचा चढ अजून बाकी आहे.

पठारावर आलं की जमीन बदलते. जांभ्याचा सपाट कातळ, वर बोटभर माती. श्रावण-भाद्रपदात हाच कातळ फुलांनी भरतो, आणि ती बीजं त्या बोटभर मातीतच वर्ष काढतात. म्हणून मळलेली गाडीवाट सोडून एक हातभरही बाजूला सायकल घालू नये, गवत कितीही वाळलेलं दिसो. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निघाले ते याच पठारावरून, भर पावसात. कुंभारवाडीपासून पुढची पावनखिंडीची वाट चालणाऱ्यांची आहे, सायकलीनं मसाईच्या देवळाशी मागं फिरावं.

चार वाजायच्या आत पठार सोडावं. संध्याकाळी गवे बाहेर पडतात. दिसलाच तर थांबा, घंटी वाजवू नका, त्याला जाऊ द्या. वाघबिळाच्या उतारावर दोन्ही ब्रेक आलटून-पालटून दाबावेत आणि हमरस्त्याला लागण्याआधी मागचा दिवा लावावा.

घरी आल्यावर सायकलीवर लगेच पाणी मारू नये. काळी माती आधी वाळू द्यावी, ब्रशानं झाडावी, मग ओल्या फडक्यानं पुसून साखळीला तेल द्यावं. आणि वहीत तारीख टाकून लिहावं: कुठली पाणंद वाळली होती, कुठली नव्हती, शेवटचा पाऊस कधी झाला होता.