नातवाने आजीची गोळी गिळली तर?

प्रश्न: माझ्या उशाशी ठेवलेली मधुमेहाची गोळी (ग्लिमेपिराइड) अडीच वर्षांच्या नातवाने गिळली. शेजारीण म्हणाली, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. सुनेने ऐकलं नाही, थेट दवाखाना गाठला. बाळ मजेत खेळत होतं, तरी डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. एका गोळीसाठी एवढं गरजेचं होतं का?
– एक आजी, सातारा

उत्तर: होय आजी, गरजेचं होतं. सूनबाईंनी अगदी योग्य केलं. या गोळीने लहान मुलाची साखर काही तासांनी, झोपेतही घसरू शकते. इतर काही औषधांचंही असंच असतं: पॅरासिटामॉल जास्त पोटात गेलं तरी पहिल्या दिवशी मूल ठणठणीत दिसू शकतं. त्यावरचा उतारा मात्र आठ तासांच्या आत दिलेला उत्तम. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

मिठाचं पाणी कधीही पाजू नका. त्याने रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेतू शकतं. तोंडात उरलेली गोळी काढा, रिकामी स्ट्रिप सोबत घ्या, किती गोळ्या कमी आहेत ते मोजा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. मूल पेंगत असेल, झटके येत असतील, तर आधी 108.

स्वतःला दोष देऊ नका. फक्त आता औषधांचा डबा उशाशी नको, कुलपात ठेवा. आणि औषधाला मुलांसमोर ‘गोळी-चॉकलेट’ म्हणू नका.