एकच मळी, दोन घनपदार्थ

कॅडेट मित्रांनो, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर वितळलेली मळीही निघते. कारखान्यात तिला स्लॅग म्हणतात. तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअस!

ही मळी खड्ड्यात सावकाश निवू दिली, की कणांना ‘फॉल इन’ व्हायला वेळ मिळतो. लांबवर सरळ रांगा लागतात. दगडासारखा स्फटिकी घनपदार्थ बनतो. त्याची खडी रस्त्यावर जाते.

तीच मळी पाण्याच्या जोरदार झोतात सोडली, तर रांगा लागण्याआधीच ‘थम’! शेजाऱ्याशी अंतर जवळपास बरोबर, पण पुढे रांगेचा पत्ता नाही. हे वाळूसारखे दाणे म्हणजे काचेच्या जातीचा अस्फटिकी घनपदार्थ. तापवल्यावर तो ठरावीक अंशाला वितळत नाही, हळूहळू मऊ होतो. पुस्तकात फरक इथेच संपतो.

सिमेंटवाल्याला मात्र वेगळाच फरक हवा असतो. विस्कळीत कणांत ऊर्जा जास्त साठलेली असते. म्हणून हे दाणे दळून सिमेंटमध्ये मिसळले, की पाण्याशी क्रिया होऊन घट्ट बसतात. स्फटिकी मळी जवळजवळ निष्क्रिय राहते. भिलाईला लागून असलेल्या जामुलच्या सिमेंट कारखान्यात हेच दाणे वापरतात. तेवढा चुनखडक भाजायचा वाचतो.