'आता बरी आहे ना?' : मेंदूला इजा झालेल्या आईला साथ देताना



अपघातातून वाचलेली एखादी तरुण आई इस्पितळातून घरी आली की मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण तिच्या नवऱ्याला गाठतो आणि विचारतो, "आता बरी आहे ना?" तोही "हो, बरी आहे" म्हणतो आणि आपण समाधानाने घराकडे वळतो. टाके सुकले आहेत, केस पुन्हा वाढले आहेत, हातपाय हलताहेत. मग आणखी काय हवे? आज आपण या 'बरी' शब्दापाशी थोडे थांबणार आहोत. या शब्दाची घाई झाली की काही घरांत संसारच डळमळू लागतो, हे आम्ही जवळून पाहत आहोत.

हाड मोडले तर प्लास्टर दिसते. प्लास्टर घातलेल्या बाईला कोणी पाण्याचा हंडा उचलायला सांगत नाही. मेंदूच्या इजेला असे प्लास्टर नसते. आपला मेंदू साधारण चौदाशे ग्रॅमचा, अतिशय मऊ. दुचाकीवर मागे बसलेली बाई रस्त्यावर आपटते तेव्हा मार लागला तेवढ्याच जागी इजा होते असे नाही. कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो आणि दूरदूरचे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हे तंतू साध्या सीटी स्कॅनमध्ये नेहमी दिसतातच असे नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' आणि 'बाई पूर्वीसारखी झाली' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

कपाळामागचा भाग तर विशेष नाजूक. काम ठरवणे, ते सुरू करणे आणि स्वतःला आवरणे ही त्याची कामे. त्याला धक्का बसला की बाई खुर्चीत बसून राहते. समोर कपड्यांचा ढीग असतो, घड्या कशा घालायच्या हे तिला ठाऊक असते, पण सुरुवात होत नाही. घरचे म्हणतात, आळशी झाली. एखादी पूर्वी कधी उलट न बोलणारी सून सासऱ्यांच्या तोंडावर काहीतरी बोलून जाते. घरचे म्हणतात, मिजास आली. यात आळस नाही आणि मिजासही नाही. पाय मोडलेला माणूस लंगडतो, तसेच हे आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना फिनियस गेज या अमेरिकन माणसाची गोष्ट आमच्या पुढ्यात हमखास येत असे. १८४८ साली व्हर्मांट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण स्वभाव इतका बदलला की तो पूर्वीचा गेज राहिला नाही, असे त्याचे मित्र सांगू लागले. बहुतेक पुस्तके गोष्ट इथेच संपवतात. पुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. १८५२ साली गेज दक्षिण अमेरिकेतील चिलीला गेला आणि कित्येक वर्षे तिथे घोडागाडी हाकण्याचे काम करत राहिला. तेच घोडे, तोच रस्ता, त्याच वेळा, रोज. अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की या ठरावीक दिनक्रमानेच त्याला बऱ्याच अंशी सावरले असावे. १८६० साली आकडीच्या आजाराने तो गेला. त्या काळी त्याला ना फिजिओथेरपी होती, ना ऑक्युपेशनल थेरपी. रोजचे तेच ते काम होते.

मेंदू शिकतो तो पुन्हा पुन्हा केल्याने. एक वाट तुटली की सरावाने दुसरी पडत जाते. सुरुवातीच्या काही महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, मग वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही. पुढची कित्येक वर्षे थोडेथोडे परत येत राहते. 'सहा महिन्यांत जे यायचे ते येते, पुढे काही नाही' असे कोणी सांगितले म्हणून पैसे संपल्यावर उपचार थांबवणारी कुटुंबे आहेत. त्यांना आमची विनंती आहे, की थेरपिस्टकडे जाणे कमी करावे लागले तरी घरचा सराव बंद करू नका. मेथीची जुडी निवडणे, वालाच्या शेंगा सोलणे, मोजे जोडीने लावणे हासुद्धा व्यायामच आहे. साध्या चहाचेच पाहा. पातेले घ्या, पाणी मोजा, गॅस पेटवा, साखर, पावडर, दूध, उकळीची वाट, गाळणे, गॅस बंद. एवढ्या पायऱ्या ओळीने लक्षात ठेवणे हे आजारी मेंदूला डोंगर चढण्यासारखे असते. ओट्यावरच्या भिंतीला या पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा, शेजारी उभे राहा आणि तिला करू द्या. तिच्या हातून पातेले काढून घेणे ही मदत दिसते, पण त्यात तिचा सराव जातो.

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आपला अनुभव ओळख न सांगता लिहिण्याची परवानगी दिली आहे. आईला बोलताना शब्द सापडत नसत. पाणी हवे असले तरी "ते... ते..." करत ती हात हलवायची. पण संध्याकाळी रोझरी सुरू झाली की सगळ्यांबरोबर ती न अडखळता म्हणायची, भक्तिगीतही गायची. नवऱ्याच्या मनात शंका आली, की प्रार्थना जमते तर पाणी मागायला काय होते? ही सोंग तर करत नाही? स्पीच थेरपिस्टने उलगडा केला. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, गाणे, एक ते दहा आकडे हे मेंदूतून जणू आपोआप बाहेर येतात. नवे वाक्य जुळवावे लागते, आणि जुळवण्याची जागाच दुखावलेली आहे. मग त्या नवऱ्याने गाण्याचाच आधार घेतला. थेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे 'पाणी दे' हे दोन शब्द चालीवर म्हणायला त्याने सुरुवात केली. पुष्कळ आठवडे लागले.

याच घरातली दुसरी गोष्ट अधिक अवघड. चार वर्षांचा मुलगा आईकडे जाईनासा झाला. भूक लागली की आजी, झोप आली की आजी. आजीचा दोष नाही. दोन महिने तिनेच पोर सांभाळले. पण आई घरी आल्यावरही सगळे आजीच्याच हाती राहिले आणि आई आपल्याच घरात पाहुणी झाली. अशा वेळी घराघरांत एक बोलणे सुरू होते: "हिला थोडे दिवस माहेरी पाठवू, मूल इथेच राहू दे." या थोड्या दिवसांचे वर्ष होते. लग्नाच्या वेदीपुढे सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात असे वचन दिलेले असते. त्यात दुचाकीच्या अपघाताला सवलत ठेवलेली नाही, हे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते. दोन्ही कुटुंबांनी मिळून विश्रांतीसाठी, मुलासह, परतीचा दिवस ठरवून माहेरी जाणे ही वेगळी गोष्ट.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने माणसाची ओळख त्याच्या जाणिवेत आणि आठवणीत शोधली. आठवण गेली तर माणूस तोच का, हा प्रश्न त्यातून निघतो. वर्गात त्यावर तासन्‌तास वाद घालता येतो. पण बाळंतपण आठवत नसलेली बाई त्या मुलाची आई नाही, असे म्हणायला कोणी धजावेल का? तिचे आईपण तिच्या आठवणींच्या गाठोड्यात बांधलेले नाही. ते मुलाशी असलेल्या नात्यात आहे आणि ते नाते चालू ठेवायला रोजची एक तरी कृती लागते. या घराने ठरवले, की रात्री मुलाचे केस विंचरणे आणि त्याच्याबरोबर झोपतानाची प्रार्थना म्हणणे ही कामे आईचीच. आजी खोलीत बसेल, पण हात लावणार नाही. आंघोळ आणि गॅस यांसाठी मात्र अजून दुसरे माणूस सोबत असते. ते हवेच. मुलालाही त्याला समजेल असे सांगावे: "आईच्या डोक्याच्या आत लागले आहे, म्हणून ती विसरते, कधी चिडते. तुझ्यामुळे नाही." हे शेवटचे दोन शब्द विसरू नयेत. मुले मनात सगळा दोष स्वतःकडे घेतात.

मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ८, ओव्या २२ ते २६) बेथसैदाच्या आंधळ्याचा प्रसंग आहे. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर, गर्दीपासून दूर नेतो. पहिल्या स्पर्शानंतर त्याला विचारतो, काही दिसते का? तो माणूस खरे सांगतो, की माणसे दिसतात पण चालत्या झाडांसारखी. मग दुसरा स्पर्श होतो. शुभवर्तमानांत दोन टप्प्यांनी झालेले बरे होणे एवढेच. अर्धवट दिसते असे सांगितल्याबद्दल त्या माणसाला अल्पविश्वासी ठरवलेले नाही. म्हणून आजारी बहिणीला "विश्वास ठेव, गोळ्या सोड" असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. आकडीच्या गोळ्या अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. आकडी आलीच तर तिला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट इस्पितळ गाठावे.

भेटायला जाणाऱ्यांसाठीही थोडे. "ओळख पाहू मी कोण?" हा आपला आवडता प्रश्न कृपया घरीच ठेवून जा. तिच्यासाठी ती परीक्षा असते. आधी आपले नाव सांगावे: "मी पलीकडच्या आळीतली, तुझ्याबरोबर शाळेत होते." एका वेळी एक-दोघांनीच जावे, टीव्ही बंद करायला सांगावा, वीस मिनिटांत उठावे. मेंदूचा थकवा झोपेने लगेच भरून निघत नाही. सहा जणांच्या प्रेमळ गप्पांनंतर ती दुसरा दिवसभर पडून राहते आणि दोष पुन्हा तिलाच मिळतो. ताटातले एका बाजूचेच जेवण संपले असेल तर 'भाजी आवडली नाही' असे समजू नये. काहींचे एका बाजूला लक्षच जात नाही. ताट फिरवून द्यावे.

मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था १९५५ पासून आहे. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी तिथे एकाच आवारात मिळते. महालक्ष्मी स्टेशनवर उतरून जाता येते. पण वसईहून सकाळच्या लोकलने अशा रुग्णाला नेणे म्हणजे पोहोचेपर्यंत तिची सगळी शक्ती संपवणे. जमेल तिथे दुपारची वेळ मागून घ्यावी आणि सोबत दोन माणसे असावीत, एक तिच्यासाठी, एक कागदपत्रांसाठी. नवऱ्याला दर वेळी कामावरून रजा मिळत नाही. त्यालाही झोप लागते, आणि कधी रडावेसे वाटते.

"काही लागले तर सांगा" असे आपण मनापासून म्हणतो, पण लाजेने कोणी सांगत नाही. त्यापेक्षा "गुरुवारी दहा ते अकरा मी येऊन बसेन" असे सांगावे. लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांकडे या महिन्यात एक वही दिली आहे. कोणाला लोकलने सोबत जाता येईल, कोणाला मुलाला बालवाडीतून आणता येईल, कोणाला शेजारी बसून मेथी निवडता येईल, त्यांनी नाव लिहावे. नावापुढे वार आणि वेळ मात्र जरूर लिहा.