क्लब बंद पडतो, खेळाडू उरतो

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या मैदानांवर नऊ नंबरची जर्सी मिळावी म्हणून धडपडणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. मी डोंबिवलीचा. व्यावसायिक फुटबॉल खेळलो, बहुतेक काळ स्ट्रायकर म्हणून. मुंबईच्या लीगपासून आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनपर्यंत गेलो. राज्यं बदलली, जर्सी बदलल्या. फार नाव झालं नाही, पण त्यावर घर चाललं. आपल्याकडच्या बहुसंख्य फुटबॉलपटूंचं आयुष्य असंच असतं, म्हणून त्यातलं जे कळलं ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

आपलं करिअर आपल्या गोलांवर ठरेल, असं प्रत्येक स्ट्रायकरला वाटतं. प्रत्यक्षात ते क्लब किती वर्षं टिकतो यावर जास्त ठरतं. महाराष्ट्राचाच हिशेब बघा. महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून बाहेर गेले. पुण्याचा भारत एफसी एकच मोसम खेळला. २०१५ मध्ये तो थांबला आणि त्याच सुमारास पुणे एफसीही. २०१७ मध्ये मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स गेले, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी. यातला एकही संघ स्ट्रायकरने गोल चुकवला म्हणून बंद पडला नाही. वरच्या पातळीवरही खात्री नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, मोसमच अडकला आणि देशातले नावाजलेले खेळाडू कित्येक महिने पुढच्या सामन्याची वाट बघत राहिले.

माझ्याही एका संघाचं असंच झालं. मोसम अर्ध्यावर आला आणि पगार थकायला लागले. ‘पुढच्या आठवड्यात होईल’ हे उत्तर दर आठवड्याला मिळायचं. आम्ही सरावाला जात राहिलो, कारण गैरहजर राहिलो तर करार मोडल्याचा ठपका आमच्यावर आला असता. शेवटी संघ गुंडाळला गेला. ज्यांच्या हातात सही-शिक्क्याचा करार होता, त्यांना दाद मागता आली. ज्यांचं सगळं बोलणं फोनवर झालं होतं, ते रिकाम्या हाताने घरी परतले.

म्हणून पहिली गोष्ट कागदाची. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या कराराची प्रत हातात पडेपर्यंत घर सोडू नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सेंट्रल रजिस्ट्रेशन सिस्टीमवर, म्हणजे सीआरएसवर, आपली नोंद कोणत्या क्लबच्या नावाने आणि कधीपर्यंतची आहे ते तपासा. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार संपवता येतो, अशी तरतूद फिफाच्या नियमावलीत २०१८ पासून आहे. आपल्या करारात असं कलम आहे का, हे सही करण्याआधी वाचा. वाद झाला तर महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे तक्रार करता येते. खेळाडूंची संघटना, एफपीएआय, २००६ पासून आहे. तिची मदत घ्या. एजंट भेटला तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते आधी विचारा. ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरी गोष्ट नऊ नंबरची. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरू शकत होते. २०१७ मध्ये ते पाच झाले, २०२१ मध्ये चार. पण क्लब आपला परदेशी माणूस सगळ्यात आधी गोलसमोर लावतो. मग भारतीय स्ट्रायकरच्या वाट्याला बेंच येतो, नाहीतर विंग. मला विंगवर टाकलं तेव्हा माझ्याकडे वेग होता, पण फुलबॅकच्या मागे धावत परत येण्याची सवय नव्हती. ती शिकायला मोसम गेला. ज्यांना ती आधीपासून होती, ते संघात राहिले.

आपल्या शेजारच्या अंबरनाथचा फारुख चौधरी बघा. केरळ ब्लास्टर्स, जमशेदपूर, मुंबई सिटी, चेन्नईयिन असा त्याचा प्रवास आहे. तो मध्येही खेळतो आणि कडेनेही. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने भारतासाठी नेपाळविरुद्ध गोल केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिएतनामविरुद्ध बरोबरी साधून देणारा गोलही त्याचाच. मधली तीन वर्षं त्याने टिकून काढली. तुमचं वय पंधरा-सोळा असेल तर आत्ताच दोन जागांवर खेळायला शिका. डावा पाय तयार करा. पाठीवर बचावपटू घेऊन बॉल धरायला शिका.

तिसरी गोष्ट गुडघ्याची. घोडबंदर रोडपासून कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत रात्रीच्या टर्फ स्पर्धांचा सुळसुळाट आहे. रोख बक्षीस असतं, मित्र बोलावतात. पण कृत्रिम गवतावर लांब स्टडचा बूट रुततो, पाय अडकतो आणि शरीर वळतं. लिगामेंट तिथेच जातं. टर्फवर आखूड रबरी स्टडच वापरा. करारात असताना बाहेर खेळून दुखापत झाली तर क्लब उपचाराचा खर्च नाकारू शकतो. माझ्या बरोबरीच्या एका मुलाचं असंच झालं. त्याच्या वडिलांना शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढावं लागलं. गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने स्पर्धेत उतरू नका, कोणी कितीही घाई केली तरी. फिफाने तयार केलेला ‘११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप फुकट शिकता येतो. तो प्रत्येक सरावाआधी करा. आणि पालकांनो, डोंबिवलीहून दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावर जाणारा मुलगा गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये तासाभराहून जास्त उभा असतो. मैदानात उतरण्याआधीच त्याचे पाय थकलेले असतात. लहान वयात चांगला कोच ठाण्यात किंवा डोंबिवलीतच मिळत असेल तर तिथेच ठेवा.

चौथी गोष्ट फुटबॉलबाहेरच्या आधाराची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे मुंबईचे नेव्हिल डिसूझा टाटा, कॅलटेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून खेळले. रेल्वे, बँका, एअर इंडिया यांच्या संघांनी पुढे कित्येक घरांना पगार दिला. ती दारं आता अरुंद झाली आहेत, पूर्ण बंद नाहीत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र जपा. पदवी सोडू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून खेळता खेळताही ती पूर्ण करता येते. पंचविशीच्या आसपास महासंघाचा डी लायसन्स कोर्स करून घ्या. मी तो केला, म्हणून आज मुलांना शिकवून माझं घर चालतं.

यातलं काहीही वाचून कोणी खेळ सोडावा अशी माझी इच्छा नाही. फुटबॉलने मला देश दाखवला, माणसं दिली, आणि पुन्हा संधी मिळाली तर मी तेच निवडेन. फक्त या आठवड्यात एक फाईल करा. करार, सीआरएसची नोंद, प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, डॉक्टरांचे रिपोर्ट, पगाराच्या नोंदी, सगळं त्यात लावा आणि प्रत्येक मोसमानंतर भर घाला. क्लब बदलतील, काही बंदही पडतील. तेव्हा नव्या दारावर उभं राहायला ही फाईल, तंदुरुस्त गुडघे आणि शिकलेली दुसरी जागा एवढंच तुमच्याजवळ असेल. ते आजपासून जमवा.