वाजीकरण चिकित्सा व मेंदूतील रासायनिक संदेशवाहक

चरकसंहितेत क्लैब्याचे बीजोपघातज, ध्वजभंगज, जरासंभव व शुक्रक्षयज असे चार प्रकार वर्णिले आहेत. आजच्या रुग्णांत निदान करताना आणखी एका कारणाचा विचार अवश्य करावा लागतो. ते कारण म्हणजे रुग्ण घेत असलेली मानसरोगावरील औषधे. त्यासाठी मेंदूतील संदेशवाहकांचा परस्परसंबंध समजून घेणे इष्ट आहे.

संदेशवाहकांचे कार्य

डोपामीन हे प्रवर्तक आहे. हायपोथॅलॅमसच्या पुढील भागात ते स्रवले असता कामेच्छा व उत्थान या दोहोंस चालना मिळते. सेरोटोनिन हे बहुतांशी नियामक असून ते वीर्यस्खलन लांबविते. नॉरअ‍ॅड्रेनॅलीन शिश्नातील स्नायूंना आकुंचित ठेवते. भय व चिंता यांमुळे उत्थान का होत नाही, याचा उलगडा येथे होतो. याउलट, मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळे हे स्नायू शिथिल होऊन रक्तसंचय होतो.

डोपामीन प्रोलॅक्टिनच्या स्रावावरही अंकुश ठेवते. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने डोपामीनचे कार्य अडले की प्रोलॅक्टिन वाढते, टेस्टोस्टेरॉन घटते व इच्छा मंदावते. सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन आदी औषधांनी सेरोटोनिनचा प्रभाव वाढतो. परिणामी इच्छा कमी होते व स्खलनास विलंब लागतो. अशा रुग्णाचे लक्षण शुक्रक्षयासारखे भासले, तरी केवळ वृष्य औषधांनी मूळ कारण दूर होत नाही.

कपिकच्छूविषयी दक्षता

कपिकच्छूच्या बीजांतून लेव्होडोपा वेगळे केल्याचे संशोधन 1937 मध्ये मद्रास येथून प्रसिद्ध झाले. शरीरात या द्रव्यापासून डोपामीन तयार होते. म्हणून मनोविकारावरील डोपामीनरोधक औषधे घेणाऱ्या रुग्णास कपिकच्छू दिल्यास त्या औषधांच्या कार्यास विरोध होऊन मूळ विकार बळावण्याचा धोका असतो. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यास ते दिल्यास एकूण मात्रा वाढते. ‘वनौषधी आहे, अपाय नाही’ असे येथे म्हणता येणार नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

काही ‘शक्तिवर्धक’ उत्पादनांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ आढळलेली आहे. हे द्रव्य नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम टिकवून ठेवते. हृच्छूलासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात ते गेल्यास रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते. अर्ध्या-एक तासात खात्रीशीर गुण देणाऱ्या चूर्णाविषयी शंकाच घ्यावी. परवाना क्रमांक व घटकद्रव्ये पाहिल्याविना असा माल दुकानात ठेवू नये.

सारांश

वाजीकरण योजण्यापूर्वी रुग्णास एकांतात विचारावे : कोणती औषधे चालू आहेत? तक्रार ती सुरू होण्यापूर्वीची की नंतरची? तक्रार नंतरची असल्यास ती औषधे परस्पर बंद करण्यास मुळीच सांगू नये. त्यामुळे मूळ मनोविकार उलटू शकतो. मानसरोगतज्ज्ञांना पत्र देऊन मात्रा किंवा औषध बदलता येईल का, हे विचारावे. रुग्ण हा प्रश्न तेथे संकोचाने काढत नाही. तो आपल्याकडे येतो. हा विश्वास सार्थ करणे हेच वैद्याचे कर्तव्य होय.